बंद भट्टीला पाणी कशाला?

पनवेलात माझ्या वर्कशॉपचा पत्ता विचारलात, तर समोरचा माणूस उलट विचारील, "डायनासोरवाल्या बाई का?" आयुष्यात एकदाच, एका मॉलसाठी, मी डायनासोरचं डोकं बनवलं होतं. ते नेताना उरण नाक्यावर टेम्पो बंद पडला आणि भर बाजारात ते डोकं जबडा वासून दुपारपर्यंत उभं राहिलं. त्यानंतर मी काय काय बनवलं, पण गावाच्या लेखी मी डायनासोरवालीच राहिले.

माझा खरा धंदा मॉडेलं बनवण्याचा. विज्ञान केंद्रं, शाळा, कारखाने, दवाखाने यांना लागणारी मॉडेलं. माणसाचं हृदय, धरणाचा दरवाजा, मधमाशीचं पोळं. जे डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागेल एवढं मोठं करायचं, किंवा जे नजरेत मावत नाही ते टेबलावर बसेल एवढं लहान करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण विज्ञान केंद्रात ठेवायची वस्तू देवळातल्या घंटेसारखी असते. येणारा प्रत्येक जण तिला हात लावणार, आणि काही जण लोंबकळणारही. तिला ते सगळं सोसता आलं पाहिजे आणि वर खरंही बोलता आलं पाहिजे.

यातला खरं बोलण्याचा भाग जास्त अवघड. दातांच्या एका डॉक्टरांना दवाखान्याच्या दारात माणसाच्या उंचीची दाढ हवी होती. "पण कीड दाखवू नका हो, पेशंट घाबरतात." मी म्हटलं, कीड नसेल तर पेशंट येतील कशाला? त्यांनी पांढरीशुभ्र दाढच नेली. उलव्याच्या एका बिल्डरला त्याच्या इमारतींचं मॉडेल हवं होतं, आणि वरून तारेवर फिरणारं विमान. विमानतळ तेव्हा नुसता कागदावर होता. मी हौसेनं विमानाला घरघर आवाज बसवला, तर तो म्हणाला, "मॅडम, विमान दिसू द्या, ऐकू येऊ देऊ नका." अशा गिऱ्हाइकांची मला सवय झाली होती.

मग दोन हजार दहाच्या सुमारास राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका विज्ञान केंद्राकडून मोठं काम आलं. त्यांना अणुऊर्जेचं दालन करायचं होतं. तीन मॉडेलं: अणू फुटून ऊर्जा कशी मिळते, भट्टीत ती ताब्यात कशी ठेवतात, आणि अणू जुळून सूर्य कसा तळपतो. मी शिल्पकलेची विद्यार्थिनी. अणूबद्दल मला शाळेत ऐकलं होतं तेवढंच ठाऊक, आणि तेही विसरलेलं.

म्हणून केंद्रानं सल्लागार दिले दामले सर. नवीन पनवेलला राहायचे. नोकरीची सगळी वर्षं अणुभट्ट्यांच्या कामात घालवून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि चुकीचं वाक्य ऐकलं की ठसका लागल्यासारखा चेहरा. पहिल्याच दिवशी मी त्यांना चिकणमातीचं केंद्रक दाखवलं, लाल आणि निळ्या गोळ्यांचं.

"केंद्रक लाल-निळं नसतं," ते म्हणाले.

"मग कोणत्या रंगाचं असतं?"

"त्याला रंगच नसतो. तो प्रश्नच तिथे लागू होत नाही."

"सर, बिनरंगाचा रंग टपाल नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही हो."

ते हसले. "बरं, लाल-निळं राहू दे. पण आकार नीट समजून घ्या. हा आपला वडाळे तलाव म्हणजे एक युरेनियमचा अणू धरा. मधोमध एक चिंचोका टाकला, तर तो चिंचोका म्हणजे केंद्रक. बाकी सगळा तलाव जवळजवळ रिकामा. आणि वजन? जवळपास सगळं त्या चिंचोक्यात."

त्या दिवशी घरी जाताना मी तलावाच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिले. हातात खरंच चिंचोका असता तर टाकून पाहिला असता.

आमचा तिसरा भिडू हसुराम. उरणच्या किनाऱ्यावरचा कोळी. बाप लाकडी होड्या बांधायचा; हसुराम फायबरच्या होड्या करायला लागला. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची, तिच्यावर चिकट, पातळ रेझिन लावायचं, सुकलं की साचा सोडवायचा. होडीच्या पोटाचा बाक ज्याच्या हाताला जमतो त्याला काहीही जमतं. माझे सगळे मोठे साचे तोच करायचा. शिक्षण आठवीपर्यंत, आणि शंका इतक्या की दामले सर त्याला 'परीक्षक' म्हणायचे. त्याच्या निम्म्या शंका भलत्याच असायच्या. फ्यूजन, म्हणजे अणू जुळणं, याला तो कितीतरी दिवस फ्यूज उडणंच समजत होता.

सरांनी आम्हाला जे शिकवलं ते थोडक्यात सांगते. केंद्रकात दोन जोर एकमेकांशी भांडत असतात. प्रोटॉनांवर सारखाच विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. आणि त्यांना चिकटवून ठेवणारा दुसरा जोर भयंकर बळकट असतो, पण अगदी शेजाऱ्यापुरताच पोचतो. युरेनियमसारख्या मोठ्या केंद्रकात गर्दी एवढी की चिकटणारा जोर जेमतेम पुरतो. त्यात बाहेरून एखादा न्यूट्रॉन शिरला की ते पाण्याच्या थेंबासारखं डुचमळतं, मध्ये बारीक होतं आणि फुटतं. दोन मोठे तुकडे आणि दोन-तीन सुटे न्यूट्रॉन उडतात. त्या सगळ्यांचं वजन केलं तर मूळ वजनापेक्षा किंचित कमी भरतं.

"म्हंजे वाटेत कोनीतरी खाल्लं," हसुराम म्हणाला.

"खाल्लं नाही रे. तेवढ्या वजनाची ऊर्जा झाली. चिमूटभर वजन, पण ऊर्जा केवढी तरी."

सुटलेले न्यूट्रॉन आणखी केंद्रकं फोडतात, त्यातून आणखी न्यूट्रॉन. ही साखळी दाखवायची जुनी युक्ती म्हणजे उंदरांचे सापळे. प्रत्येक ताणलेल्या सापळ्यावर दोन पिंगपाँगचे बॉल ठेवायचे आणि वरून एक बॉल टाकायचा. मी बाजारातले सगळे सापळे उचलले. दुकानदार काळजीनं म्हणाला, "ताई, घर बदला. एवढे उंदीर असतील तर सापळ्यांनी भागायचं नाही."

सापळे मांडायला आम्हा दोघांची अख्खी सकाळ गेली. बोटं ठेचली. शेवटचा सापळा हसुरामनं श्वास रोखून ठेवला, आणि तेवढ्यात दामले सर आत आले. त्यांच्यामागे वाऱ्यानं दार आपटलं. तडतड असा एकच आवाज, छपरापर्यंत पांढऱ्या चेंडूंचा पाऊस, आणि मग चिडीचूप. हसुरामनं कोळीवाड्यातली एक खणखणीत शिवी हासडली. सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! हीच ती साखळी! बघितलंत, सुरुवात केव्हा झाली आणि संपलं केव्हा?"

केंद्रात रोज कोण सापळे मांडत बसणार? म्हणून आम्ही सापळ्यांच्या जागी काँप्रेसरच्या हवेची भोकं केली. चेंडू एका खळग्यात पडला की शेजारच्या खळग्यातून हवेनं दोन चेंडू उडायचे. भट्टीच्या मॉडेलात त्यात वरून जाळीच्या नळ्या सोडल्या, चेंडू गिळणाऱ्या. सरांचं म्हणणं सोपं होतं: प्रत्येक फुटीतून सुटलेल्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी बरोबर एकानं पुढची फूट घडवली पाहिजे. एकापेक्षा जास्त झाले तर आग वाढत जाईल, कमी पडले तर विझेल. नळ्या वर-खाली करून तो एक राखायचा. वीज करणाऱ्या भट्टीतलं फुटणारं युरेनियम बॉम्बातल्यापेक्षा इतकं विरळ असतं की तिचा बॉम्ब होऊच शकत नाही, हेही त्यांनी लिहायला लावलं.

"आणि न्यूट्रॉनांना हळू करावं लागतं," ते म्हणाले. "पाण्यात आपटून आपटून."

"हळू? जोरानं मारला तर जास्त फुटेल ना?" मी.

सरांनी वर्कशॉपातला कॅरम ओढला. स्ट्रायकरनं सोंगटी जोरात मारली. ती भोकाच्या कडेला आपटून परत आली. मग हळूच ढकलली, तर अलगद आत पडली. "अगदी असंच नाही," ते घाईघाईनं म्हणाले, "पण तुमच्यापुरतं असंच." पुढच्या कित्येक दुपारी कामाच्या नावाखाली आम्ही तिघं न्यूट्रॉन मंद करत बसायचो.

सूर्याच्या मॉडेलानं मात्र घाम काढला. तिथे उलटा प्रकार. हायड्रोजनची केंद्रकं जुळायची तर आधी एकमेकांना ढकलतात. फार जवळ आली तरच चिकटतात. मी सुचवलं, एक टेकडी करू आणि तिच्या माथ्यावर खोल खड्डा, ज्वालामुखीसारखा. गोळा हळू सोडला तर अर्ध्यातून परत येईल, वेगानं सोडला तर माथ्यावर चढून खड्ड्यात पडेल आणि आतला दिवा लागेल. वेग म्हणजेच तापमान. सरांना ते पसंत पडलं. फक्त म्हणाले, "सूर्यातसुद्धा बहुतेकांना माथ्यापर्यंत चढण्याएवढा वेग नसतो. कधीमधी एखादा टेकडी न चढताच पलीकडे सापडतो."

"बोगद्यातून?" हसुराम.

"बोगदा नसतो. तरी आम्ही त्याला बोगदाच म्हणतो." त्यानंतर सर फळ्यावर काहीतरी लिहीत राहिले आणि आम्ही दोघं भक्तिभावानं बघत राहिलो. ते मला आजही समजलेलं नाही.

हसुराम टेकडीचा मातीचा कच्चा साचा घासत होता. घासता घासता थांबला.

"सर, एक सांगा. फोडला तरी उष्नता, जोडला तरी उष्नता? मंग सकाली फोडू, रातच्याला जोडू. फुकटची वीज."

मला हसू आलं. सर खुशीत आले. त्यांनी साच्याच्या मातीत बोटानं एक दरी काढली. "ह्या बाजूला हलकी केंद्रकं, त्या बाजूला जड. तळाशी कोण, माहीत आहे? लोखंड. सगळ्यात घट्ट बांधलेली केंद्रकं तिथे, लोखंडाच्या आसपास. हलकी जुळली तरी तळाकडे उतरतात, जड फुटली तरी तळाकडेच. उतरताना ऊर्जा मिळते. फोडलेलं परत जोडायचं म्हणजे चढायचं, मिळालेलं सगळं परत द्यायचं."

हसुरामनं घमेल्यातला लोखंडी खिळा उचलून निरखला. "म्हंजे ह्याच्यात काय उरलाच नाय."

"अणुऊर्जेच्या हिशेबानं काहीच नाही. राख समज."

त्याच दिवशी सरांनी मला चकित करणारी आणखी एक गोष्ट सांगितली. सूर्याच्या पोटातला माणसाएवढा तुकडा काढला, तर त्यात दर सेकंदाला तयार होणारी उष्णता तुमच्या-आमच्या अंगात तयार होणाऱ्या उष्णतेपेक्षा कमी भरेल. तो तळपतो तो प्रचंड आहे म्हणून. मी रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट घरी सांगितली. कोणाचा विश्वास बसला नाही. वाढता वाढता माझाही उडायला लागला. दुसऱ्या दिवशी सरांकडून आकडेमोड करून घेतली तेव्हा कुठे बरं वाटलं.

टेकडीचा पक्का साचा तयार झाला, त्यावर फायबर चढवायचं तेवढं राहिलं, आणि मार्चमध्ये जपानच्या किनाऱ्यावर भूकंप झाला. समुद्र आत शिरला. मग अणुभट्ट्यांच्या बातम्या सुरू झाल्या. टीव्हीवर पांढऱ्या धुराचे लोट, आणि हेलिकॉप्टरातून पाणी ओतणारी माणसं.

दामले सर येईनासे झाले. फोन केला तर म्हणाले, "जरा कणकण आहे." हसुरामही आला नाही. त्याच्या नसण्यानं काम अडलं होतं. टेकडीचा तो बाक दुसऱ्या कोणाला जमला नसता.

आठवडा गेला आणि हसुराम दारात आला. आत आला नाही. त्याची धाकटी बहीण लीला लग्न होऊन खाली रत्नागिरीकडच्या एका बंदरावर गेलेली. नवऱ्याची होडी, घर किनाऱ्याला लागून. त्या बाजूला अणुवीज प्रकल्पाची बोलणी चालली होती आणि गावात रोज बैठका होत होत्या.

"ताई, मना लीलाचा फोन आला. बोलली, दादा, तू त्या लोकांचं काम करतंस? आमच्या गावात तुजं नाव निघालं. मी नाय येनार आता."

"हसुराम, आपण शिकवायची वस्तू बनवतोय. कोणाचा प्रचार नाही करत."

"नाय? मंग मना एक सांगा. टीव्हीवर बोलतात, भूकंप झाला तशी भट्टी आपसूक बंद झाली. आपल्या मॉडेलात पन तसंच हाय, नळ्या खाली सोडल्या का खेल बंद, दिवा बंद. मंग बंद भट्टीला पानी कशाला ओततात?"

मी सरळ त्याला गाडीवर मागे बसवलं आणि आम्ही नवीन पनवेलला सरांच्या घरी गेलो.

सर दाढी वाढवून बसले होते. कणकण वगैरे काही नव्हती. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. हसुरामनं उभ्या उभ्याच प्रश्न विचारला. सरांनी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बस. तुझं रेझिन आठव. ते घट्ट करणारा हार्डनर मिसळलास, आणि मग वाटलं की नको, आज काम नको. थांबतं का ते?"

"छ्या. उलट तापतं. डबा हातात धरवत नाय. धूर येतो कदी कदी."

"तसं समज. अगदी तसं नाही, पण समज. नळ्या सोडल्या की फुटणं थांबतं. पण आधी फुटलेल्यांचे जे तुकडे आहेत, ते अस्वस्थ असतात. त्यांचं स्थिर होत जाणं चालूच राहतं, आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता निघते. त्याला कुठलंच बटण नाही. बंद केल्या क्षणी शंभरातले सहा-सात भाग उष्णता उरते. दिवसाभरात ती एक भागाच्याही खाली येते. पण भट्टी एवढी मोठी, की तो एक भागसुद्धा पाणी मिळालं नाही तर सगळं वितळवायला पुरतो. म्हणून पाणी फिरवत ठेवायचं. पाण्याला पंप, पंपाला वीज. तिथे समुद्रानं वीज बुडवली."

"कवर दिवस फिरवायचं?"

"भट्टीत महिनोन् महिने. मग इंधन बाहेर काढून हौदात, कितीतरी वर्षं."

हसुरामनं माझ्याकडे पाहिलं. "ह्ये आपल्या मॉडेलात कुठं हाय?"

सरांनी टीव्ही बंद केला. "नाही," ते म्हणाले. "यादीत ते नव्हतं. आणि मलाही सुचलं नाही. आम्ही आयुष्यभर त्याचीच काळजी केली, रात्रंदिवस. आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की लोकांना दाखवायचं असतं हेच लक्षात आलं नाही."

बाहेर जिन्यात हसुराम म्हणाला, "ताई, त्ये दाखवनार असाल तर मी येतो. नायतर टेकडी दुसऱ्याकडून करून घ्या."

केंद्राचे संचालक वानखेडे. भला माणूस, पण मुलांनी गजबजलेल्या संस्थेचा प्रमुख. गडबड त्याला नको असायची. मी फोनवर चौथ्या मॉडेलाचं सुचवलं. ते म्हणाले, "मॅडम, आत्ता? लोक आधीच घाबरलेत. दालन पुढे ढकलायचा विचार चाललाय आमचा. तुम्ही तीनच द्या, छान द्या."

"सर, लोक टीव्हीवर बघतायत. ते हेच विचारणार."

"म्हणूनच म्हणतो, आपण कशाला आठवण करून द्यायची?"

मी फोन ठेवला आणि हसुरामला म्हटलं, ये. आम्ही चौथं मॉडेल करायला घेतलं.

ते असं होतं. पारदर्शक टाकी, तिच्यात इंधनाच्या जागी धातूच्या कांड्या, आणि आत लपवलेली तापणारी तार. समोर एकच मोठं लाल बटण: 'भट्टी बंद करा'. दाबलं की वरचे झगमगते दिवे विझतात. पण कांड्या तापलेल्याच राहतात आणि काचेच्या नळीतला लाल पट्टा हळूहळू चढायला लागतो. बाजूला हातपंप. पंप हाणला, पाणी फिरलं, की पट्टा उतरतो. हात काढला की परत चढतो, आणि एका रेषेच्या वर गेला की भोंगा वाजतो. वेळ जाईल तसा चढायचा वेग मंदावतो, पण थांबत नाही. पंप हसुरामनं बसवला, होडीतलं पाणी उपसायचा असतो तसा. दामले सर रोज यायला लागले. पट्टा किती वेगानं चढावा यावरून त्यांनी मला इतकं छळलं की ते पूर्ववत झाल्याची माझी खात्री पटली.

मे महिन्यात वानखेडे पाहणीला आले. नेमकी त्याच सुमारास लीला घरातल्या एका लग्नासाठी माहेरी आलेली. हसुराम तिला वर्कशॉपात घेऊन आला होता. सावळी, काटक, नाकात मोठी चमकी. एका खोक्यावर बसून ती सगळं बघत होती.

वानखेड्यांना चेंडू आवडले. टेकडी तर फारच आवडली. खड्ड्यात गोळा पडून सूर्य पेटला की ते प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणायचे. मग त्यांना चौथी टाकी दिसली.

"हे काय? हे आपलं ठरलं नव्हतं."

"बटण दाबून तर पाहा," मी म्हटलं.

त्यांनी दाबलं. दिवे विझले. "झालं बंद," असं म्हणून ते मागे वळले आणि बिलांविषयी काही विचारायला लागले. लाल पट्टा चढत होता. मी मुद्दाम बोलले नाही. भोंगा कर्कश वाजला तसे वानखेडे दचकून वळले. त्यांनी परत लाल बटण दाबलं, दोनदा, तीनदा. भोंगा थांबेना.

"साहेब, बटन कशाला दाबतंव?" लीला खोक्यावरून उठून आली. "पंप मारा, पंप!"

ते पंप मारायला लागले. पट्टा उतरला, भोंगा थांबला. ते हसले, हात काढला. पट्टा चढायला लागला. परत पंप. सफारीच्या काखा ओल्या झाल्या. मग त्यांचं हसू थांबलं.

"कधीपर्यंत?" त्यांनी दामले सरांना विचारलं.

"पाळी संपून दुसरा माणूस येईपर्यंत," सर म्हणाले. "मग त्यानं. अशीच आमची नोकरी."

लीलानं पंपाचा दांडा स्वतःच्या हातात घेतला. वानखेडे बाजूला झाले. ती संथपणे, होडीतलं पाणी उपसावं तशी पंप मारत राहिली, आणि मारता मारता सरांशी बोलायला लागली. वीज गेली तर? मग दुसरी सोय. तीही गेली तर? तिसरी. आणि समुद्र आला तर? तिथे लाट किती उंच येईल याचा अंदाज चुकला, सर म्हणाले. "मंग आमच्याकडं चुकनार नाय कशावरनं?" सरांनी जागा निवडताना काय काय पाहतात ते सांगितलं, उंची, जमीन, सगळं. शेवटी म्हणाले, "चुकणारच नाही असं मी तुला सांगू शकत नाही, लीलाताई. चुकलं तरी निभावलं पाहिजे, म्हणून एवढं सगळं करतात. एवढंच सांगतो."

"एवरं तरी कोनी सांगितलं नवतं," ती म्हणाली. "आमच्याकडं येतात ते एक बोलतात कायच होनार नाय, दुसरे बोलतात सगले मरनार."

तिचं मत त्या दिवशी बदललं नाही. तिच्या गावाचा विरोध होता तसाच राहिला, आणि तीही बैठकांना जात राहिली. फरक एवढाच, हसुराम सांगायचा, की आता कोणी साहेब आला की लीला उठून पंपांविषयी विचारते.

वानखेड्यांनी चौथं मॉडेल घेतलं. फलकावर मात्र त्यांना 'सुरक्षित' हा शब्द कुठेतरी हवा होता. सर अडून बसले. आठ दिवस फोनाफोनी झाली, आणि शेवटी फलकावर एकच ओळ उरली: 'भट्टी बंद झाली. उष्णता नाही.' आधी मला वाटलं, लोकांचा गोंधळ होईल. उष्णता बंद झाली नाही, की उष्णताच नाही? सरांना विचारलं तर म्हणाले, "पंप सोडतील तेव्हा कळेल." आज वाटतं, तो फलक मी आणखी नीट लिहायला हवा होता.

दालन उघडलं तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. भाषणं झाली, फीत कापली, आणि शाळांच्या मुलांचे लोंढे आत आले. चेंडूंपाशी किंकाळ्या, टेकडीपाशी रांग. हसुराम नवा शर्ट घालून टेकडीजवळ उभा होता आणि कोणीही विचारलं नसताना सांगत होता, "ह्यो बाक आपला." चौथ्या टाकीपाशी आधी फारसं कोणी नव्हतं. मग एका मुलीनं लाल बटण दाबलं, सात-आठ वर्षांची असेल, दोन वेण्या. पट्टा चढताना पाहून तिनं पंप धरला. तिच्याभोवती मुलं जमली, आळीपाळीनं पंप मारू लागली, कंटाळून निघून गेली. ती राहिली.

थोड्या वेळानं बाईंनी हाक मारली. बस उभी होती. सगळी शाळा दारापाशी रांगेत लागली, ती एकटी पंपापाशी.

"चल गं, बस सुटेल!"

"बाई, सोडला तर वाजेल."

"वाजू दे. खेळणं आहे ते."

तिनं मान हलवली. हात चालूच. चेहरा रडवेला झाला होता, पण दांडा सोडवेना. बाई वैतागून आत आल्या. मी पुढे होऊन काही सांगणार, तेवढ्यात दामले सर गर्दीतून आले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, तिच्याशेजारी उभे राहिले आणि तिच्या हाताच्या वर, दांड्यावर आपला हात ठेवला.

"आता माझी पाळी," ते म्हणाले. "मी आलोय. तू जा."

तिनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. पट्ट्याकडे पाहिलं. मग हळूच हात काढून घेतला आणि रांगेकडे पळाली.

दालन रिकामं होत गेलं. हसुराम मला म्हणाला, "सरांना सांगा, पोरगी गेली." मी सांगितलं नाही. सर पाठ ताठ करून, संथ, एका लयीत पंप मारत होते, आणि लाल पट्टा रेषेच्या बराच खाली होता.